माळ्यावरच्या वह्या: उघडायच्या कशा, हसायचं कशावर, ठेवायचं काय

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर भागातली एखादी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की घरात सगळ्यात आधी माळा उपसला जातो. टेम्पो ठरलेला असतो, भाड्याच्या घराची किल्ली हातात असते आणि नेमकी तेव्हाच पत्र्याच्या ट्रंकेतून चौथीची निबंधवही निघते. घरातलं एक माणूस तिथेच फतकल मारून वाचत सुटतं, दुसरं "रद्दीवाला खाली थांबलाय" म्हणून ओरडतं. शेवटी सगळं गठ्ठ्याने रद्दीत तरी जातं, नाहीतर जसंच्या तसं खोक्यात भरून नव्या घराच्या माळ्यावर. वीस वर्षांनी पुन्हा तेच नाटक.

म्हणून पहिला नियम: घर हलवायच्या आठवड्यात वह्या वाचायच्या नाहीत. एका खोक्यात भरा, वर "वह्या – उघडू नये" लिहा आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहा. ठाणे-नवी मुंबईत या कामाचे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खाडीकडच्या भागात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा उघडलेली वही हवेतली ओल शोषते, पानं फुगतात, आणि तीच वही परत पेटीत बंद केली की महिन्याभरात बुरशी धरते. दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढायला हरकत नाही, पण ऑक्टोबरची हवा अजून दमट असते. वाचन थंडीत.

पेटी उघडताना

बाल्कनीत जुनी चादर अंथरा. साहित्य फार लागत नाही: एन-९५ मास्क, एक इंची मऊ ब्रश (नवा, रंगाला न वापरलेला), बोथट सुरी, बटर पेपर, काही झिपवाल्या पिशव्या, पेन्सिल. पेन नको. जुन्या वहीवर नवी नोंद करायची झाली तर ती पेन्सिलीनेच.

वाचायला बसण्याआधी कामाचे कागद बाजूला काढा. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं, स्कॉलरशिपचा कागद हे सगळं हमखास भूगोलाच्या वहीत अडकलेलं असतं. ते वेगळ्या फाइलला लावा. आणि कौतुकाने लॅमिनेशन करायला धावू नका. गरम प्लॅस्टिक कागदाला एकदा चिकटलं की सुटत नाही, आतली ओल आतच राहते आणि पुढे कोणी त्यावर शिक्का मागितला तर तो उमटत नाही.

मग वह्यांची तब्येत बघा. कडेला अनियमित कुरतडलेलं, वरचा थर खरवडल्यासारखा दिसत असेल तर ती कसर. तिला खळ आणि डिंक आवडतो, म्हणून ती कव्हर, पाठीची पट्टी आणि हस्तकलेची वही आधी धरते. आरपार बोगदे आणि माती दिसली तर वाळवी. अशी वही घरात आणूच नका, आणि ट्रंक ठेवलेला माळाही तपासा. काळी-हिरवी भुकटी म्हणजे बुरशी.

कसरीवर घरगुती इलाज फ्रीजर. वही झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, उणे १८ अंशांवर पंधरा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव जमतं आणि शाई फुटते. फ्रीजरमध्ये सुरमई असेल तर वहीला दोन पिशव्या. इतिहासाच्या वहीला सुरमईचा वास कोणालाच नको. या थंडीने कीड मरते, बुरशी मरत नाही. बुरशीची वही सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस उभी ठेवून आधी पूर्ण कोरडी करा, मग बाल्कनीत मास्क लावून ब्रशने आतून बाहेरच्या दिशेने झटका. ओल्या फडक्याने किंवा डेटॉलने पुसलं तर डाग पसरतो आणि फाउंटन पेनची निळी शाई वाहून जाते. उन्हातही घालू नका. पापडाला जे ऊन मानवतं ते शाईला मानवत नाही.

डांबरगोळ्यांबद्दल एवढंच: बुरशीला त्या काही करत नाहीत आणि वास वर्षभर जात नाही.

स्टेपलरच्या पिना खाडीच्या हवेत गंजतात आणि तांबडा डाग चार पानं आत जातो. पिन ओढू नका. तिच्या खाली जुन्या प्लॅस्टिक फोल्डरचा पातळ तुकडा सरकवा, त्यावर सुरी टेकवून टोकं सरळ करा, मग पिन उलट बाजूने काढा. त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने तीन टाके घातले की वही पुन्हा उभी राहते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह आवरा. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. चित्रकलेच्या वहीत तेलखडूचं चित्र समोरच्या पानाला चिकटलेलं असलं तर ओढाताण न करता जिथे सुटतंय तिथे बटर पेपर घालत जा. घोटीव कागदाची हस्तकला चिकटली असेल तर ती तशीच राहू द्या. पानात ठेवलेली विद्येची पानं, पिंपळाची जाळी आणि मोरपीस पाकिटात काढून ठेवा, पाकिटावर पान क्रमांक लिहा. मोरपिसाला पिल्लू झालेलं नसतं, पण त्याच्या देठात किडे मात्र होतात.

कोणती वही आधी

शुद्धलेखन वही, पाढ्यांची वही आणि बीजगणित यांत हसण्यासारखं फार थोडं असतं. प्रत्येकी एक-दोन पानं ठेवा, बाकी सोडा. निबंधवही, "वाक्यात उपयोग करा"ची मराठीची वही, विज्ञानाची "कारणे द्या", सहामाहीच्या उत्तरपत्रिका आणि रफ वही हा खरा माल. त्यातही रफ वही उलट बाजूने उघडा. शेवटच्या चार पानांवर फुल्ली-गोळा, नाव-गाव-प्राणी-वस्तू, राजा-प्रधान-शिपाई-चोराच्या गुणांची बेरीज, पुस्तक क्रिकेटचा धावफलक, नव्या पेनाच्या रेघोट्या आणि सही करायचा सराव मिळतो. पुढच्या पानांवर मूल शाळेसाठी लिहीत असतं, मागच्या पानांवर स्वतःसाठी. इथल्या बेरजाही बहुतेक वेळा बरोबर असतात. त्याच वर्षीची गणिताची वही शेजारी ठेवून बघा.

एक पान जवळून

समजा, चौथीच्या निबंधवहीत असं पान मिळालं:

"पावसाळ्यातील एक दिवस. मला पावसाळा आवडतो. पावसाळ्यात पाऊस पडतो. पाऊस पडल्यामुळे सगळीकडे पाणी होते. मोर नाचू लागले. बेडूक डराव डराव करू लागले. मी कागदाची होडी केली. आई ओरडली. मग मला ताप आला. अशा प्रकारे मी पावसाळ्याचा आनंद लुटला."

खाली लाल शाईत: "ताप आला तर आनंद कसा?" आणि दहापैकी सहा.

असं पान "किती गोड" म्हणून उलटलं तर अर्धी मजा जाते. आधी काळ बघा. पहिली तीन वाक्यं वर्तमानकाळात आहेत, मोरापासून भूतकाळ सुरू होतो. फळ्यावरचे मुद्दे किंवा निबंधमाला जिथून उतरवायला घेतली तो हा सांधा. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर मोर कुठून नाचणार? "आई ओरडली" इथे पुन्हा मुलाचं स्वतःचं सुरू झालं, आणि "अशा प्रकारे" म्हणजे निबंध संपवायची पाठ केलेली किल्ली, कुठल्याही कुलपाला लागते. आता ओळी मोजा. वरच्या ओळींत सात-आठ शब्द मावलेत, शेवटच्या ओळींत तीन. "किमान दहा ओळी" अशी अट असली की सातव्या ओळीनंतर अक्षर फुगायला लागतं.

शेवटी खोडलेल्या जागा. दिवे मालवा, टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर, पंधरा-वीस अंशांत धरा. पेन्सिल खोडरबराने गेली तरी तिने दाबलेली खाच कागदात राहते आणि तिरप्या उजेडात सावलीने वाचता येते. "माझा आवडता विषय गणित" यातल्या गणिताखाली "पीटी" दिसलं तर त्या घरात त्या संध्याकाळी कोण वही तपासत होतं ते वेगळं सांगायला नको.

चुका कोणत्या जातीच्या आहेत ते ओळखता आलं की वाचन रंगतं. एक जात शब्दशः घेतल्याची. "हातावर तुरी देणे: आईने बाबांच्या हातावर तुरी दिल्या." "कानाडोळा करणे: डॉक्टरांनी माझा कानाडोळा केला." व्याकरण बिनचूक, अर्थ मात्र मुलाने हाताशी असलेल्या शब्दांतून जुळवलेला. दुसरी जात पाठांतर सांडल्याची: "वटवाघूळ रात्री बाहेर पडते, कारण ते निशाचर आहे. निशाचर म्हणजे रात्री बाहेर पडणारा." तिसरी, गणितावर आंधळा विश्वास: काळ-काम-वेगाचं उदाहरण, खाली दोन रेघा मारलेलं उत्तर, साडेसात मजूर. आणि चौथी जात निव्वळ खरेपणाची, आई ओरडली ती. ही सगळ्यात दुर्मीळ. सापडली की त्या पानाला खूण करा.

जी चूक नव्हतीच

हसण्याआधी वहीचं साल काढा, कारण निम्म्या "चुका" त्या काळी बरोबर होत्या. आजोबांच्या वहीत "नाहीं", "कां", "घरांत" असे टिंबांचे सडे दिसले तर गप्प बसा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्याआधी ते न देणाऱ्याचे गुण कापले जात. नऊ ग्रह लिहिणारा विद्यार्थीही निर्दोष आहे. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ऑगस्ट २००६ मध्ये. मराठी माध्यमाच्या मुलाची चौरेघी वहीतली एबीसीडी पाचवीतली असेल तर तो मठ्ठ नव्हता. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं.

वहीवर तारीख नसेल तर महाराष्ट्राचा नकाशा शोधा आणि जिल्हे मोजा. १९६० ला २६ होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना झाले आणि त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली मिळून ३०. १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला वाशीम आणि नंदुरबार, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, म्हणजे ३५. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला आणि ३६ झाले. तिसरीच्या भूगोलातला ठाणे जिल्हा तलासरी-डहाणूपासून बेलापूरपर्यंत पसरलेला दिसला तर वही २०१४ च्या आधीची. एक खबरदारी घ्या: स्टेशनरीवाला छापील नकाशांचा जुना गठ्ठा संपवूनच नवा आणतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून साल लिहिताना १९८८-८९ असं जोडीनेच लिहा.

आणि ते चित्र. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळ. याला सगळे हसतात. पण ठाण्याच्या मुलाने काढलं असेल तर भूगोल त्याच्या बाजूने आहे: खाडीपलीकडे पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला येऊरचे. सूर्य डोंगराआडून उगवतो आणि डोंगराआडच मावळतो. वाशी-नेरूळच्या मुलाचाही उगवता सूर्य पारसिकवरूनच येतो. झोपडीचं समर्थन मात्र कठीण आहे.

फोटो काढताना काय बिघडतं

फोनवरच्या स्कॅनच्या अॅपमध्ये काळा-पांढरा फिल्टर कधीकधी आपोआप लागतो. तो फिकट रंगाला पांढरं समजतो, त्यामुळे पेन्सिल पुसली जाते आणि बाईंचा लाल शेरा काळ्यात मिसळतो. मूळ रंगाचाच पर्याय निवडा. फ्लॅश बंद ठेवा, कारण पेन्सिलीतलं ग्रॅफाइट चमकून अक्षर पांढरं दिसतं. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, वही टेबलावर आडवी आणि फोन तिला अगदी समांतर धरा. घरी स्कॅनर असेल तर लिखाणाला ३०० डीपीआय, चित्रांना ६००. शिवण कडक असलेली वही काचेवर दाबून सपाट करू नका, पाठ तुटते.

दोनशेपानी वही सगळी टिपायला सहज दोन-तीन तास जातात, म्हणून सगळी टिपू नका. प्रत्येक वहीचं कव्हर, लेबल, पहिलं पान, शेवटची पानं आणि खूण केलेली पानं पुरेत. फायलीचं नाव आकड्यांनी सुरू करा: १९८८-८९-इयत्ता ४-निबंध-पान १२. आकडा पुढे असला की वर्षानुसार रांग आपोआप लागते. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होताना बारीक अक्षर विरघळतं. प्रगतीपुस्तकाचं पान कुठेच टाकू नका. जन्मतारीख, पत्ता, कधीकधी जातही त्यावर असते. वर्गमित्रांची आणि शिक्षकांची नावं झाकून मगच पान बाहेर जाऊ द्या.

बैठक

घरातली आठ-दहा माणसं, पाऊण तास, बारा ते पंधरा पानं. याहून जास्त झालं की लोक फोन काढतात. वही ज्याची, पहिला हक्क त्याचा. त्याला आदल्या दिवशी पानं दाखवा आणि एखादं नको म्हणाला तर कारण विचारू नका. काही वह्यांमध्ये छडी असते, काहींमध्ये घरातलं भांडण. नापासाच्या उत्तरपत्रिका, भावंडांच्या गुणांची तुलना आणि शाळा अर्ध्यात सोडावी लागलेल्या माणसाची शेवटची वही या तीन गोष्टी बैठकीत काढू नयेत. मालकाने स्वतः काढली तर गोष्ट वेगळी.

वाचणाऱ्याने आधी दोनदा मनात वाचून ठेवलेलं हवं. अडखळत वाचलं की विनोद पडतो, आणि वाचणाराच आधी हसला तर त्याहून वाईट. आकाशवाणीच्या बातम्यांच्या गांभीर्याने वाचा. चूक आहे तशी वाचायची: "पाणि" असेल तर ऱ्हस्वच, आणि "म्हणजे त्याला असं म्हणायचंय" हे सांगायला बंदी. एक जण मुलाचा मजकूर वाचेल, दुसरा फक्त लाल शाईतला शेरा. शक्य असेल तर शेऱ्याला घरातली निवृत्त शिक्षिका बसवा, तिला सरावाची गरज नाही.

निबंध झाला की शेरा लगेच वाचू नका. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायला लावा, मग खरे गुण जाहीर करा. बहुतेक घरांत आजची मंडळी आठ-नऊ देतात आणि वहीत साडेपाच असतात. "वाक्यात उपयोग"च्या पानाला उलटा खेळ: वाक्य वाचा आणि वाक्प्रचार ओळखायला सांगा. रफ वहीची शेवटची पानं टीव्हीवर लावून "ही कोणाची?" विचारलं तर लहान मुलंही सामील होतात. तेव्हा "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्याच्या हातात पुढचं पान त्याचंच द्या.

काय ठेवायचं

दहा वर्षांच्या शाळेच्या शंभरेक वह्या होतात. त्यातून चाळीस-पन्नास सुटी पानं आणि दोन-तीन अखंड वह्या इतकंच ठेवा. एक वही अखंड हवीच, कारण पहिल्या पानावरचं मोत्यासारखं अक्षर ऑगस्टपर्यंत कसं घसरतं ते सुट्या पानांत कळत नाही. तपकिरी कागदाचं कव्हर आणि नावाचं लेबल फेकू नका. लेबलवर इयत्तेच्या आकड्याची खाडाखोड करून तीच वही दोन वर्षं वापरलेली असते.

सुटी पानं पॉलिप्रॉपिलीनच्या फोल्डरमध्ये ठेवा. तळाशी त्रिकोणात ५ आकडा किंवा पीपी लिहिलेलं असतं. नवीन रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसी घेऊ नका, ते शाई उचलतं. दहा-बारा लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. रंग बदलणारी नारिंगी जात घ्या. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवा, पुन्हा वापरता येतात. प्लॅस्टिकची पुडी असेल तर आधी दाणे ताटलीत काढा. डबा बंद करण्याआधी आतला कागद कोरडा हवा, नाहीतर झाकण ओल बाहेर न जाऊ देण्याचंच काम करेल.

जागा बाथरूमवरचा माळा नको आणि पावसाळी मारा झेलणारी बाहेरची भिंतही नको. कपाटातला मधला कप्पा, भिंतीपासून चार बोटं पुढे. डब्यावर कागदाचं लेबल, त्यावर पेन्सिलीने नाव, वर्षं आणि "लॅमिनेट करू नये". दर डिसेंबरमध्ये एकदा उघडून पुड्यांचा रंग बघा, आणि रफ वही हातात आलीच तर मागच्या पानावरचा धावफलक कोणी पुरा केलाय का तेही बघा; अशा बैठकीनंतर घरातली लहान मुलं पेन्सिल घेऊन तिथे पोचतातच.